जहाज वाचलं, पण बिल सगळ्यांना: भूमध्य समुद्रातला जुना रिवाज आजही कंटेनर का अडवून ठेवतो?

२३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. सहा दिवस शेकडो जहाजं खोळंबली, सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला आणि २९ मार्चला जहाज सुटलं. बहुतेकांसाठी विषय तिथेच संपला.

ज्यांचा माल त्या जहाजावर होता, त्यांच्यासाठी तो तिथून सुरू झाला. १ एप्रिलला जहाजाच्या जपानी मालकाने 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं. सरळ भाषेत सांगायचं तर, जहाज सोडवायला आलेल्या खर्चातला वाटा जहाजावरच्या सुमारे १८ हजार कंटेनरमधल्या मालाच्या मालकांनीही उचलायचा. चूक त्यांची नव्हती आणि मालाला ओरखडाही आला नव्हता. तरी हमी दिल्याशिवाय माल हातात मिळणार नव्हता. त्यात सुएझ कालवा प्राधिकरणाने सुरुवातीला ९१ कोटी ६० लाख डॉलर मागितले आणि जहाजच अडवून ठेवलं. तडजोड होऊन ते निघालं ते ७ जुलैला.

तीन वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, 'डाली' हे जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पुलावर आदळलं. पुलावर काम करणाऱ्या सहा जणांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात तिथेही जनरल ॲव्हरेज जाहीर झालं. या दोन्ही जहाजांवरचे खलाशी जवळपास सगळे भारतीय होते.

हा नियम कुठल्या शिपिंग कंपनीने करारात बारीक अक्षरात घुसवलेला नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात भूमध्य समुद्रातल्या बंदरांनी तो रोज वापरला, त्यावर भांडणं केली आणि त्याला आकार दिला. आजचे वादही बहुतेक तेच आहेत.

आधी हिशेब समजून घेऊ

समजा, एका जहाजाची किंमत ५० लाख आहे. त्यावर एका व्यापाऱ्याचं २० लाखांचं कापड, दुसऱ्याची २० लाखांची मिरी आणि तिसऱ्याची १० लाखांची साखर आहे. सगळं मिळून १ कोटी. भर समुद्रात वादळ उठतं. जहाज हलकं केलं नाही तर सगळंच बुडणार. कप्तान हाताला लागतील ती साखरेची पोती समुद्रात फेकायला लावतो. जहाज वाचतं.

आता साखरवाल्याने एकट्याने १० लाखांचा फटका का सोसायचा? त्याची साखर गेली म्हणून तर कापड आणि मिरी वाचली. म्हणून हे १० लाख सगळ्यांत वाटले जातात. एकूण १ कोटीच्या मानाने हे १० टक्के झाले. जहाजमालक ५ लाख देतो, कापडवाला २ लाख, मिरीवाला २ लाख. साखरवालाही आपला १ लाखाचा वाटा सोसतो आणि त्याला ९ लाख परत मिळतात.

यासाठी तीन अटी लागतात. धोका जहाज आणि माल दोन्हींना असला पाहिजे. नुकसान किंवा खर्च जाणूनबुजून, सगळ्यांना वाचवण्यासाठी केलेला असला पाहिजे. आणि त्यातून काहीतरी वाचलं पाहिजे, कारण जे वाचलं त्यातूनच भरपाई होते.

मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा ३' हे जहाज ६४० कंटेनरसह बुडालं. अशा अपघातात जे कंटेनर आपसूक समुद्रात पडतात, ते कुणी कुणासाठी फेकलेले नसतात. त्यांचं नुकसान या वाटणीत येत नाही. ते ज्याचं त्याने, किंवा त्याच्या विमा कंपनीने, सोसायचं.

नियम आला कुठून?

सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने कायद्याचा मोठा संग्रह करून घेतला. त्यात एका प्रकरणाला ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटाचं नाव आहे. जहाज हलकं करण्यासाठी माल फेकला, तर सर्वांसाठी जे गेलं ते सर्वांनी भरून द्यावं, हे तत्त्व तिथे नोंदलेलं आहे. चाच्यांचा मुद्दाही तिथेच सापडतो. खंडणी देऊन जहाज सोडवलं तर खर्च सगळ्यांचा. चाच्यांनी एखाद्याचा माल लुटून नेला तर नुकसान त्या एकट्याचं.

पुढे मध्ययुगाच्या शेवटी बार्सिलोनात समुद्री रिवाजांचा 'कॉन्सोलात दे मार' हा संग्रह तयार झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो छापला गेला, सोळाव्या शतकात त्याची इटालियन भाषांतरं आली आणि पश्चिम भूमध्य समुद्रातल्या बंदरांत तो आधाराला घेतला जाऊ लागला. तो कुठल्या राजाचा हुकूम नव्हता. बंदराबंदरांत चालत आलेली रीत त्यात लिहून ठेवली होती, आणि वाद झाला की पंच त्याकडे बोट दाखवत.

या नुकसानीला इटालियनमध्ये 'आवारिया' म्हणत. अनेक भाषातज्ज्ञांच्या मते हा शब्द खराबी किंवा दोष या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. त्याचंच इंग्रजी रूप 'ॲव्हरेज'. नुकसान सगळ्यांत प्रमाणशीर वाटण्याच्या या हिशेबावरून पुढे गणितातल्या सरासरीलाही तेच नाव पडलं. म्हणजे 'तुझी गाडी किती ॲव्हरेज देते?' असं आपण विचारतो, तेव्हा तोंडात भूमध्य समुद्रातल्या बुडत्या मालाच्या हिशेबाचा शब्द असतो.

पहिली वस्तू व्यापाऱ्याने फेकायची

जुन्या काळात व्यापारी बऱ्याचदा मालासोबत जहाजावरच असत. त्यामुळे 'कॉन्सोलात'ची पद्धत समोरासमोरची होती. वादळात कप्तानाने आधी व्यापाऱ्यांना गोळा करायचं, परिस्थिती सांगायची, माल फेकला नाही तर सगळेच जाणार हे पटवायचं. ते तयार झाले की पहिली वस्तू व्यापाऱ्याने स्वतः समुद्रात टाकायची. त्यानंतरच कप्तान आणि खलाशी बाकीच्या मालाला हात लावू शकत. जहाजावरचा लेखनिक ठरलेल्या गोष्टीची नोंद करायचा.

हा नुसता उपचार नव्हता. पहिली वस्तू स्वतःच्या हाताने टाकली की, 'मला न विचारता माझा माल फेकला' असं बंदरावर उतरल्यावर म्हणायची सोय राहत नसे.

किमतीचाही नियम होता. माल निम्मा प्रवास होण्याआधी फेकला असेल तर जिथे भरला तिथली खरेदीची किंमत धरायची. निम्म्याच्या पुढे फेकला असेल तर उरलेला माल पोहोचण्याच्या बंदरात ज्या भावाने विकला जाईल तो भाव धरायचा. जहाज मात्र वाटणीत निम्म्याच किमतीने धरलं जाई. ही सवलत उघडच जहाजमालकांच्या फायद्याची होती, आणि रिवाज नेहमी निष्पक्ष असतात असं नाही हे त्यातून दिसतं.

संकटात जहाजावरच्या सगळ्यांनी आपसात करार करून नफा-नुकसान एकत्र धरायची एक रीतही होती. तिचं कॅटलान नाव 'भाऊ' या शब्दावरून पडलेलं आहे. समुद्रात झालेली ही भावकी बंदराला लागल्यावर बऱ्याचदा भाऊबंदकीवर यायची.

लिव्होर्नो: अनेक धर्मांचं बंदर, एकच हिशेब

सोळाव्या शतकाच्या शेवटी हा रिवाज एका नव्या परीक्षेला बसला. इटलीतल्या टस्कनीचा राज्यकर्ता फर्डिनांडो दे मेदिची याला लिव्होर्नो हे बंदर मोठं करायचं होतं. १५९१ आणि १५९३ मध्ये त्याने जाहीरनामे काढून सगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांना तिथे बोलावलं. त्यात ज्यू, तुर्क, आर्मेनियन, ग्रीक, इंग्रज सगळे आले. त्याच दशकात इटलीत धान्याची टंचाई पडली आणि उत्तर युरोपातली जहाजं धान्य घेऊन भूमध्य समुद्रात मोठ्या संख्येने येऊ लागली.

आता एका जहाजाचा कप्तान इंग्रज, एका गाठोड्याचा मालक ज्यू, दुसऱ्याचा आर्मेनियन, तिसऱ्याचा फ्लॉरेन्सचा. त्यांचा धर्म, भाषा, राजा, काहीच एक नाही. एकमेकांना त्यांनी पाहिलेलंही नसेल. एक होती ती फक्त जहाजाची पोकळी, जिच्यात सगळ्यांचा माल एकावर एक रचलेला होता. अशा लोकांना नुकसान वाटून घ्यायला लावायचं, तर सगळ्यांना मान्य असलेला हिशेब हवा होता. तो हिशेब म्हणजे ॲव्हरेज.

पण एक गोष्ट बदलली होती. व्यापारी आता बहुतेक घरी, पेढीवर बसून पत्रांवर धंदा करत होते. वादळात विचारायला ते जहाजावर नव्हतेच. मग कप्तान खलाशांशी सल्लामसलत करून निर्णय घेई. बंदरात पोहोचला की अधिकाऱ्यापुढे प्रवासाचा वृत्तांत नोंदवी आणि खलाशी शपथेवर साक्ष देत. लिव्होर्नोला आलेल्या जहाजांची प्रकरणं जवळच्या पिसा शहरातल्या समुद्री न्यायालयात जात. जिनोआत तर वाटणीचे आकडे काढण्यासाठी वेगळे 'हिशेबनीस' नेमलेले होते.

ही कागदपत्रं आजही पिसा आणि जिनोआच्या दप्तरखान्यांत आहेत. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या इतिहासकार मारिया फुसारो यांच्या नेतृत्वाखालच्या एका प्रकल्पाने अशी प्रकरणं गोळा करून त्यांचा डेटाबेस ऑनलाइन खुला केला आहे. मोठ्या व्यापाऱ्यांच्या चरित्रांत न दिसणारं रोजचं जग त्यात दिसतं. तुटलेली डोलकाठी, कापलेला नांगराचा दोर, भिजलेल्या गाठी आणि त्या प्रत्येकाची किंमत.

भांडणं कशावरून होत?

पहिलं भांडण सगळ्यात मोठं: वादळ खरंच आलं होतं का? माल परस्पर विकून 'समुद्रात फेकला' म्हणून सांगणं कप्तानाला अवघड नव्हतं. साक्षीदार त्याचेच खलाशी. कार्लो तार्गा या जिनोआच्या कायदेतज्ज्ञाचं समुद्री व्यापारावरचं पुस्तक १६९२ मध्ये आलं. त्याने आपला अनुभव नोंदवून ठेवला आहे. साठ वर्षांच्या काळात त्याने माल फेकण्याची सगळे नियम पाळलेली फक्त चार-पाच प्रकरणं पाहिली, आणि त्या प्रत्येकाबद्दल फसवणुकीचा संशय आला. कारण काय? नियम फारच नीटनेटके पाळले होते. खऱ्या वादळात इतकी टापटीप कुणाला सुचते?

दुसरं भांडण किमतीचं. ज्याचा माल गेला तो किंमत फुगवून सांगे. ज्याचा वाचला तो कमी करून सांगे, कारण वाटा किमतीवर ठरे.

तिसरं भांडण चोरून भरलेल्या मालाचं. १६८१ मध्ये फ्रान्सच्या राजाने काढलेल्या समुद्री कायद्यात याचं उत्तर आहे. ज्या मालाची पावती नाही, तो फेकला गेला तर भरपाई नाही. पण तो वाचला तर त्यानेही वाटा द्यायचा. लपवाछपवी करणाऱ्याला दोन्हीकडून चाप.

चौथं भांडण खर्चाच्या यादीचं. बंदरात शिरताना वाटाड्याला दिलेले पैसे, जहाज ओढून नेण्याचा खर्च, हे तर रोजचेच. कप्तान तेही वाटणीत घालू पाही. त्याच फ्रेंच कायद्याने अशा किरकोळ खर्चाची वेगळीच वाटणी ठरवली: एक तृतीयांश जहाजाचा, दोन तृतीयांश मालाचा.

आणि पाचवं भांडण, जे आज सगळ्यात महागात पडतं: संकट कुणाच्या चुकीने आलं? जहाजच मोडकळीला आलेलं होतं, नाहीतर कप्तानानेच ते गळ्यापर्यंत भरलं होतं, तर व्यापाऱ्यांनी का भरायचं?

आजची कोर्टं, तेच प्रश्न

एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या देशांचे नियम एका साच्यात आणण्यासाठी 'यॉर्क-अँटवर्प नियम' तयार झाले. त्यांची ताजी आवृत्ती २०१६ ची आहे. माल वाहून नेण्याच्या करारांत सहसा याच नियमांचा उल्लेख असतो. चुकीची माहिती देऊन भरलेल्या मालाला भरपाई नाही, पण वाचला तर वाटा द्यावा लागेल, हे कलम त्यात जवळपास तसंच आहे.

खंडणीचा वादही संपलेला नाही. २००९ मध्ये एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी 'लाँगचॅम्प' हे जहाज पळवलं. त्यांनी ६० लाख डॉलर मागितले, ५१ दिवसांच्या घासाघिशीनंतर सौदा साडेअठरा लाखांवर तुटला. खंडणी वाटणीत धरायची हे मान्यच होतं. वाद होता तो घासाघीस चाललेल्या दिवसांतल्या खलाशांच्या पगाराचा आणि इंधनाचा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तोही खर्च वाटणीत धरला. २०१० मध्ये पळवलेल्या 'पोलर' जहाजासाठी ७७ लाख डॉलर मोजावे लागले होते. त्यातला मालवाल्यांचा वाटा टळत नाही, हा निकाल त्याच न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला. तोवर लाल समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले होते.

चुकीच्या प्रश्नावर मात्र मालवाल्यांच्या बाजूनेही निकाल लागला आहे. 'सीएमए सीजीएम लिब्रा' हे जहाज २०११ मध्ये चीनच्या शियामेन बंदरातून निघताना उथळ जागी रुतलं. खर्च सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. मालवाल्यांपैकी बहुतेकांनी आपला वाटा दिला. सुमारे ८ टक्के अडून बसले. त्यांचं म्हणणं असं की प्रवासाचा आराखडाच सदोष होता, म्हणजे जहाज निघतानाच प्रवासाला योग्य नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. अडून बसलेले जिंकले.

मग बदललं काय?

तत्त्व तेच राहिलं, पण ज्याचा माल आहे त्याला विचारायची पद्धत गेली. मध्ययुगातला व्यापारी वादळात डेकवर उभा असे. सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्याला निदान बंदरात साक्षी तपासायला लावता येत. आज छोट्या आयातदाराला ई-मेल येतो. त्यात 'ॲव्हरेज ॲडजस्टर' म्हणजे वाटणीचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाचं नाव असतं आणि भरायचे फॉर्म असतात. अंतिम हिशेब व्हायला अनेकदा वर्षं लागतात. हमी मात्र लगेच द्यावी लागते.

ही हमी किती मोठी असू शकते? मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात 'मर्स्क होनाम' या जहाजाला आग लागली आणि पाच खलाशी दगावले. जहाज वाचवणाऱ्या कंपनीच्या मोबदल्यासाठी मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजसाठी ११.५ टक्के हमी मागितली गेली. एकूण ५४ टक्के. ज्याचा १० लाखांचा माल सुखरूप होता, त्याने तो हातात घेण्यासाठी ५ लाख ४० हजारांची हमी द्यायची.

विमा असलेल्यांना ही हमी विमा कंपनी देते. विमा नसलेल्याला रोख अनामत भरावी लागते. म्हणजे सगळ्यांना एका मापाने मोजणारा नियम प्रत्यक्षात विमा नसलेल्या छोट्या व्यापाऱ्याला जास्त जड जातो. म्हणूनच हा नियम रद्द करावा किंवा किरकोळ रकमांना तरी तो लावू नये, अशी मागणी अधूनमधून होत असते. पण एका जहाजावर हजारो अनोळखी लोकांचा माल असताना संकटातला खर्च कुणी उचलायचा, याचं दुसरं सोपं उत्तर अजून कुणी रुजवलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या निर्यातदाराने काय पाहावं?

न्हावाशेवा बंदरातून युरोपला जाणारा नाशिकचा द्राक्षांचा कंटेनर याच समुद्रांतून जातो. परदेशी स्थायिक होताना घरचं सामान कंटेनरने पाठवणारं कुटुंबही याच नियमात येतं. वळसा घालून जहाज लांबच्या मार्गाने गेलं, तर तो धंद्यातला खर्च, जनरल ॲव्हरेज नव्हे. पण आग, रुतणं, अपहरण झालं तर तो कागद कुणालाही येऊ शकतो.

भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात या वाटणीची तरतूद आहे. सागरी मालवाहतूक विम्याच्या ए, बी आणि सी या तिन्ही प्रचलित प्रकारांत, म्हणजे सगळ्यात कमी संरक्षण देणाऱ्या सी प्रकारातही, जनरल ॲव्हरेजचा वाटा धरलेला असतो. खरी गडबड होते ती विकणारा आणि घेणारा दोघांनीही 'विमा समोरच्याने काढला असेल' असं गृहीत धरल्यावर. त्यामुळे माल चढवण्याआधीच विमा कोणी काढायचा हे करारात लिहून घ्यावं. मालाची खरी किंमत दाखवणारी बिलं जपून ठेवावीत आणि मालाचं वर्णन अचूक द्यावं. हमीचा कागद आला तर सही करण्याआधी तो विमा कंपनीला दाखवावा. आणि जहाज मुळातच सदोष होतं असं दिसत असेल, तर पैसे देण्याआधी वकिलाला विचारावं. 'लिब्रा'च्या प्रकरणात ८ टक्के लोकांनी नेमकं तेच केलं होतं.